लाभार्थी क्रमांक चौदा

"ए चौदा नंबर, पदर डोक्यावर घे. गरीब दिसली पाहिजेस."

वर्तकनगरला स्टेजच्या मागे पक्षाचा पदाधिकारी मला हे म्हणाला. माझ्या गळ्यात कार्ड होतं. लाभार्थी, क्रमांक चौदा, गाव मोहने. माझं नाव नाही. आम्हा बायकांना मोहन्याहून बसने आणलेलं. प्रत्येकीला शिलाई मशीन मिळणार होतं.

नवरा कामाला होता ती मोहन्याची कंपनी बंद पडल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी शेजारणीच्या मशीनवर ब्लाउज शिवते, तेही ती देईल तेव्हा. स्वतःचं मशीन आलं तर मुलीचं कॉलेज सुटणार नाही, एवढंच डोक्यात होतं. म्हणून पदर घेतला. त्याची लाज अजून जात नाही.

मग त्या पदाधिकाऱ्याने माइकवर बोलायचं वाक्य पाठ करायला दिलं. "दादांमुळे माझी चूल पेटली." दादा म्हणजे त्यांचे नेते.

मी म्हटलं, "कंपनी कधी सुरू होणार, तेवढं विचारू का?"

तो हसला. "प्रश्न बाळकुमचे टॉवरवाले विचारतात, मावशी. त्यांची मतं फिरतात ना. मोहन्याने फक्त आभार मानायचे. तुम्ही जाऊन जाऊन जाणार कुठे?"

खोटं नव्हतं ते. आमची अख्खी चाळ त्यांनाच मत देते. मीही दिलं, दर वेळी. दादा कंपनी उघडतील म्हणून त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेला.

माझा नंबर आला. स्टेजवर दादा बसलेले. मशीनवर हात ठेवून फोटो काढायचा होता. तेरा नंबरनेही त्याच मशीनवर हात ठेवलेला, बारानेही. मी शिवणारी बाई. माझी नजर आधी सुईकडे गेली. सुई नव्हती. खाली दोऱ्याचं बॉबिनही नव्हतं. नुसता सांगाडा, वर हळदकुंकू.

माइक तोंडासमोर आला.

"दादा, या मशीनला सुई नाही. माझी चूल पेटलेली नाही. कंपनी कधी सुरू होणार?"

माइक बंद केला. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक हसले. मला दंडाला धरून खाली उतरवलं. बसमध्ये कोणी शेजारी बसेना. "तुझ्यापायी आमचंही मशीन जाईल," तेरा नंबर रडत म्हणाली. तिचा मला राग आला नाही.

मशीन कोणालाच आलं नाही. मुलीने कॉलेज सोडलं, साड्यांच्या दुकानात उभी राहते दिवसभर.

मी देव्हाऱ्याशेजारचा फोटो काढून टाकला. "आता कोणाकडे बघायचं गं?" नवऱ्याने विचारलं.

कार्ड मात्र ठेवलंय. मागच्या कोऱ्या बाजूला माझं पूर्ण नाव लिहिलंय. मतं मागायला येतील तेव्हा ती बाजू पुढे करून दारात उभी राहीन. कंपनीचं उत्तर दिल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू देणार नाही.