पंगतीतली दहावी नस

बारावीला मी शास्त्र शाखा घेतली होती. ती मला दोन वर्षं पेलली नाही, म्हणून कडेगावात खतांचं दुकान टाकलं. पुढे माझ्या मुलीला सांगलीच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "डोकं बापाचं घेतलंय पोरीनं." पहिल्या वर्षी ॲनॅटॉमीच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली, तेव्हा हेच वाक्य तिच्या आईनं म्हटलं. सूर फक्त वेगळा होता.

झालं होतं असं, की परीक्षक बाईंनी मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा क्रमानं विचारल्या आणि पोरीची दातखीळ बसली. पाठ होत्या, पण पहिलीच सुचेना. आता पुन्हा परीक्षा सोमवारी. तीही गेली तर बरोबरीची मुलं पुढच्या वर्षात जाणार आणि ही सहा महिने मागं राहणार. आठवडाभराच्या सुट्टीला घरी आली ती पुस्तकात तोंड खुपसून, न जेवता.

आमच्या घरी एक मोठा गुण आहे. कुणी जेवलं नाही तर सगळी त्याच्याभोवती जमतात. त्या दिवशीही जमली. दुपारच्या पंगतीला आम्ही मोजून बाराजण असतो, तेरावी पोरगी वाढायला. मला एकदम सुचलं. (बायको म्हणते, तिला सुचलं. वाद अजून मिटलेला नाही.) बारा नसा, बारा माणसं! प्रत्येकाला एक नस वाटून टाकायची आणि त्याच क्रमानं बसायचं.

पोरगी हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. मग पुस्तक मांडीवर घेऊन तिनं आम्हाला वाटून टाकलं. पहिली नस वासाची. ती थोरल्या वहिनींना, कारण शेजारच्या आळीत दूध करपलं तरी यांना इथं कळतं. तिसरी डोळा फिरवणारी, ती माझ्या बायकोला. ती डोळ्यांनी काय काय बोलू शकते हे मला पाहुण्यांसमोर जास्त भात घेताना समजतं. चौथीच्या जोरावर डोळा खाली वळतो. ती मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या पुतण्याला. ऐकण्याची आठवी आमच्या चुलत्यांना, ज्यांना काहीच ऐकू येत नाही.

"आवं नाना, तुमी आठवी!" थोरला भाऊ त्यांच्या कानात ओरडला.

"आठवी? मी चवथीतनंच साळा सोडली!" नाना म्हणाले.

माझ्या वाट्याला दहावी आली. मी खूश झालो. म्हटलं, काय काम असतं तिचं?

"ती भटकी असते, बाबा. बाकीच्या बहुतेक नसा डोक्याच्या आसपास राहतात. ही गळ्यातून निघते, काळजाला हात लावते आणि पार पोटात जाऊन फिरत बसते."

"म्हंजे आपलंच यडं!" थोरला भाऊ म्हणाला आणि पंगत हसून फुटली.

चार दिवस असं चाललं. पोरगी आमटी वाढत पुढे सरकायची आणि प्रत्येकाच्या ताटाशी नसेचं नाव, तिचं काम, कवटीतल्या कुठल्या भोकातून बाहेर पडते ते म्हणायची. चुकली की त्या माणसानं ताटावर हात ठेवायचा, वाढू द्यायचं नाही. भुकेपोटी आम्हीही तिच्याइतकाच अभ्यास केला.

मधल्या वेळात मी तिला आमच्या उसाला पाणी पाजायला घेऊन गेलो. पुस्तकात मेंदूच्या आतल्या चार पोकळ्यांचं चित्र होतं, त्यातलं पाणी कसं फिरतं ते तिला उमजत नव्हतं. चित्र मी बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शास्त्र कळलं. दोन बाजूंचे दोन हौद, दोन्हींचं पाणी मधल्या तिसऱ्यात, तिथून अरुंद पाटानं चौथ्यात आणि तिथून बाहेर पडून सगळ्या मेंदूभोवती. "मधला पाट तुंबला की वरचे हौद फुगणार," मी म्हणालो. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिथल्या तिथं मला डॉक्टर झाल्यासारखं वाटलं, त्या भरात पाय घसरून मी गुडघाभर चिखलात गेलो.

रविवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, शिरवळहून थोरल्या भावाचे जावई आले. तिथल्या कारखान्यात असतात, वर्षातून दोनदा येतात. आमच्याकडे जावई आला की पंगतीतली पहिली जागा त्याची. यात विचार करण्यासारखं काही नसतंच. ते बसले, आम्ही सगळे एकेक जागा खाली सरकलो.

पोरगी वाढायला आली. पहिल्या जागेवर वासाच्या नसेऐवजी दाजी. दुसऱ्या जागेवर बघण्याची सोडून वासाची. तिसऱ्या ताटापाशी ती थांबली, बोटं मोजू लागली आणि आमटीचं भांडं खाली ठेवून रडायलाच लागली.

"सगळं सरकलं, बाबा! मला माणसं पाठ नाहीत, जागाच पाठ झाल्यात!"

जावयांना काय घडलं ते समजेना. बायकोनं डोळ्यांनीच (तिसरी नस!) मला बोलायला सांगितलं. मी चाचरत सगळं सांगितलं. तो भला माणूस लगेच उठायला लागला.

थोरला भाऊ कडाडला, "बसा पाव्हणं! जावयाला ताटावरनं उठीवत्यात व्हय कुटं?"

"पण मामा, तिची परीक्षा हाय."

"मग बसवायचं कुटं तुमास्नी? बारा तर भरल्या!"

पोरीनं डोळे पुसले. "दाजी, तुम्ही समोर एकटे बसा. तुम्ही मज्जारज्जू. सगळ्या अंगाचे निरोप तुमच्यातून जाणार."

हे भावाला पटलं. एकट्याचं पान, समोर, रांगोळी काढून! दर्जा वाढलाच होता. तेवढ्यात पोरगी अभ्यासाच्या भरात पुढे म्हणाली, "तो कमरेच्या जरा वरच संपतो आणि खाली नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा."

"आगं, जावयाला शेपूट लावतीस व्हय!" भाऊ ओरडला.

जावईच सगळ्यांत मोठ्यानं हसले. आणि जेवता जेवता त्यांनीच उपाय सांगितला. "जागाच पाठ होत असतील तर त्या मोडा की. दर खेपेला निराळं बसा." मग दुपारच्या चहाला आणि संध्याकाळच्या जेवणाला आम्ही मुद्दाम उलटेसुलटे बसलो. नाना पहिल्या जागेवर, मी दाराशी. पोरगी माणसाच्या तोंडाकडे बघून कितवी नस, काय काम ते सांगायला लागली. वहिनी कुठंही बसल्या तरी वास त्यांनाच येणार, हे तिला एकदाचं दिसलं.

सोमवारी मी दुकान उघडलं नाही. दुपारी फोन आला. बायकोनं तो सोप्यात सगळ्यांच्या मधे ठेवला.

"बाईंनी बारावीपासून उलट्या क्रमानं विचारल्या," पोरगी सांगत होती. "डोळे मिटले, पंगत शेवटाकडनं बघितली. एकही चुकली नाही. मग पोकळ्या विचारल्या, मी हौद आणि पाट सांगितले, तर म्हणाल्या, शेतकऱ्याची का गं तू?"

"पास का नापास ते सांग आदी!" भाऊ ओरडला.

"पास, मोठे बाबा!"

मग काय बोलता! पण आनंद ओसरायच्या आतच चौकशी सुरू झाली. "माज्यावर काय इचारलं?" वहिनींनी विचारलं. पुतण्यानं चक्क मोबाइलमधून मान वर काढली. शिरवळहून जावयांचा फोन, शेपटीवर प्रश्न आला का? नाना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना कानात ओरडून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग? आठवी कदी नापास हुती व्हय!"

मीही हळूच विचारलं, "आणि दहावी?"

"तीच सगळ्यांत जास्त विचारली, बाबा. कुठून निघते, कुठं कुठं जाते. मला मधेच हसू आलं."

माझा गळा दाटला, छातीत धडधडलं आणि त्याच क्षणी पोटात कावळे ओरडले. सकाळपासून मी जेवलो नव्हतो.

"पानं घ्या," मी म्हणालो.