शटरवाल्या टीव्हीसाठी सोलापूर-बार्शी

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून आई रोज संध्याकाळी विचारते, “टीव्हीचं शटर लावलंस का?” शटर जुन्या घरातल्या टीव्हीला होतं; इथल्या भिंतीवरच्या टीव्हीला कुठलं? ती मग झोपत नाही, घरभर फिरते. तिच्यामागे मीही. शेवटी एका शनिवारी पहाटेची सोलापूरची एसटी पकडली.

तसले जुने, शटरवाले व्हॉल्व्हचे टीव्ही शोधायचे तर सोलापुरात स्टँडवरून रिक्षा करा आणि जुन्या बाजारात उतरा, पुढचं चालत. तिसऱ्या दुकानातले मेकॅनिक चाचा हसले. “बाई, वैसे टीव्ही तो कब के तोड के बेच दिये. बार्शीत माझं एक जुनं गिऱ्हाईक हाय. जाऊन बघा.”

कडक भाकरी नि शेंगाचटणी बांधून घेतली आणि बसमध्येच खाल्ली. बार्शीला दीड-दोन तास लागतात. मला त्याहून जास्त वाटले.

चाचांच्या गिऱ्हाईक काकू एकट्याच राहतात. त्यांच्या टीव्हीला लाकडी सरकतं शटर, वर क्रोशाचा रुमाल. त्यांनी बटण दाबलं. काहीच नाही. मी प्लग हलवायला उठले.

“बसा की. तापू दे त्याला.”

मागच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसला, तापलेल्या धुळीचा वास आला. आधी खरखर, मग पडदाभर मुंग्या. आता यावर कुठलंच केंद्र लागत नाही.

“विकता का?”

“न्हाय. खंडेनवमीला ह्याची पूजा असती. आमच्या मालकांनी चालू केल्याली.” आईचं सांगितल्यावर त्या बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिल्या. “न्या. पण खंडेनवमीच्या आत हितं पायजे. शटर माझ्यासमोर लावून न्या.”

टेम्पोला चांगलेच पैसे पडले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघत होते. सांगण्याजोगं एकच: टीव्हीखाली घालायला गादी सोबत न्या.

आईने शटर चाचपलं. “हा आपला नव्हे.”

“बार्शीच्या काकूंचा. दसऱ्याआधी परत द्यायचाय.”

“मग नीट ठेवला पाहिजे,” म्हणत तिने स्वतः शटर उघडून पुन्हा लावलं आणि झोपली. तेव्हापासून रोज तसंच. जागी असते ती मी.

सकाळी चहा घेताना आता एवढंच विचारते, “दसरा कधी आहे गं? लोकांची वस्तू आहे.”

लांब आहे, मी म्हणते. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी काढून कपाटात ठेवलंय.