सिंधुप्रभेचा पहिला रहिवासी

खारवलीच्या आत्माराम नागवेकरने बत्तीस वर्षं मालवाहू जहाजावर नोकरी केली आणि तेवढ्या काळात निम्मं जग पाहिलं, असं तो सांगे. खरं पाहता त्याने निम्म्या जगाचे धक्के पाहिले. शहरं पाहिली ती डेकवरून, रंगाचा ब्रश हातात धरून. दुरून डोंगर साजरे म्हणतात; शहरंही दुरूनच साजरी दिसतात, आणि दिवे लागले की जास्तच. त्यामुळे निवृत्त होऊन पावसजवळच्या आपल्या गावी परतला तेव्हा त्याचं एक मत पक्कं झालं होतं. सिंगापूर आणि खारवली यांच्यात फरक इतकाच, की सिंगापुरात कुणीतरी वेळेवर नकाशा काढला. हे मत त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं, बाराव्याच्या पंगतीत सांगितलं आणि एकदा तर लग्नाचा मुहूर्त टळत असताना भटजींना थांबवून सांगितलं.

देवाने नेमकं त्याचंच ऐकलं. २००९च्या उन्हाळ्यात दोन गाड्या सड्यावर चढल्या. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा कातळाचा सपाट माळ. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत आणि बारीक फुलं, बाकी आठ महिने नुसतं ऊन. त्या उन्हात टोप्या घातलेल्या माणसांनी गाडीच्या बॉनेटवर एक नकाशा पसरला. नकाशात बारा सेक्टर, चाळीस इमारती, एक हेलिपॅड, दोन तळी आणि तळ्यांत हंस होते. वर लिहिलं होतं, 'सिंधुप्रभा : कोकणातलं नियोजित सागरी उपनगर'. कुठल्या नगराचं उपनगर, ते लिहिलं नव्हतं. रत्नागिरी तिथून वीसेक किलोमीटर, आणि आपल्याला असलं उपनगर होतंय याची रत्नागिरीला काही वर्दी नव्हती. गावकऱ्यांनी हंस पाहिले आणि पाणी कुठून आणणार म्हणून विचारलं. आत्मारामने नकाशा पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून कंपनीला गावात वेगळा माणूस नेमायची गरज उरली नाही. नकाशाची गुंडाळी काखेत मारून आत्माराम घरोघर फिरू लागला. "सड्यावर काय पिकतं? दगड. मग दगड कशाला धरून बसलाव?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून लोकांनी सह्या केल्या. एकटा रावजी भातडे अडून बसला. रावजी गावचा गावकर, म्हणजे देवस्थानातला पहिला मान त्याचा. तो म्हणाला, "दगड खाता येत नाय, पण दगडावर बसता येतं." आत्मारामने हे वाक्य मागासलेपणाचा नमुना म्हणून पुढे बरीच वर्षं लोकांना ऐकवलं.

मग पंचनामा झाला. मोजणीदाराने पाच पंचांना विचारलं, "सड्यावरून कुणाची जुनी वहिवाट आहे का?" पाचही जण विचारात पडले. माणसं जात खालच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने. गुरं जात ओढ्याकडून. सड्यावरून फक्त शिमग्यात वाघजाईची पालखी जाई, खालच्या वाडीतून वरच्या वाडीत, वर्षातून एकदा. पण ती वाट आहे हे पाचांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कातळावर पाऊल उमटत नाही, आणि देवीला जायला वाट लागते असं खारवलीत कुणी कधी मानलेलं नव्हतं. देवी जाते, माणसं मागून जातात. तेव्हा पाचांनी एकमुखाने सांगितलं, वहिवाट नाही. पहिली सही आत्मारामची, ती इंग्रजीत.

शहर बांधायला घेतलं ते गेटपासून. राजवाड्याला शोभेल असं गेट, दोन बाजूंना दोन सिंह, आणि आत बघावं तर गवत. पुढची दोन वर्षं सिंह गवताची राखण करीत होते. मग नमुन्याचा फ्लॅट आला आणि मुंबई-पुण्याहून माणसं तो बघायला येऊ लागली. त्यांना शहाळं पाजून समुद्र दाखवण्यात येई. मग चाळीसपैकी सहा इमारती उभ्या राहिल्या, त्याही सेक्टर दोन आणि सेक्टर सातमध्ये. मधले चार सेक्टर जमिनीवर आलेच नाहीत, त्यामुळे दोनातून सातात जाताना माणसाला पायाखाली फुरसं नाही ना हे बघत जावं लागे. रस्त्याला मात्र दिवे लागले. त्या उजेडात खारवलीचे बैल रवंथ करीत बसत. तळी खणली, पण कातळात पाणी ठरेना, आणि आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. पाणी टँकरने येऊ लागलं आणि हंस नकाशातच राहिले. मधे मूळ कंपनी गेली, दुसरी आली. दुसरीने काय केलं, तर सिंहांना सोनेरी रंग दिला.

आत्मारामची श्रद्धा मात्र ढळली नाही. सड्याच्या कडेला त्याचं कौलारू घर होतं. पुढे अंगण, अंगणात तुळस. गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर दुसऱ्या कंपनीला नेमका तोच तुकडा वळणाच्या रस्त्यासाठी हवा झाला. आत्मारामने तो दिला आणि बदल्यात सेक्टर दोनमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सी-४०२. समुद्र दिसतो, न्हाणीघराच्या झरोक्यातून, बादली पालथी घालून वर उभं राहिलं तर. चाव्या घेतानाचा त्याचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकावर छापून आला, खाली 'आमचे पहिले रहिवासी'. हे अक्षरश: खरं होतं. बाकीचे मालक मे महिन्यात दोन दिवस यायचे, वाऱ्याचे फोटो काढायचे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन परत जायचे. बाराही महिने राहणारं बिऱ्हाड एकच, आत्माराम आणि येसूबाई. येसूबाई त्याची बायको, माहेर गावातच खालच्या वाडीत. आमसुलं वाळवायला अंगण नव्हतं, तेव्हा तिने चौकशी न करता ती हेलिपॅडवर वाळत घातली. हेलिपॅडचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

यंदा शिमगा आला आणि प्रकरण पालखीवर आलं. इतकी वर्षं कुंपणाच्या भिंतीत एक खिंडार होतं आणि पालखी त्यातून सडा ओलांडून जाई. दिवाळीत दुसऱ्या कंपनीने ते बुजवलं. गाव विचारायला गेला तेव्हा मॅनेजरने पंचनाम्याची प्रत पुढे ठेवली. सही सगळ्यांच्या ओळखीची होती. गावकीची बैठक बसली, आत्मारामला बोलावणं नव्हतं, तरी तो गेला आणि म्हणाला, "पालखी गेटातून येऊ दे. परवानगी मी आणतंय. पहिला रहिवासी हाय मी तिकडचा."

बोलून गेला खरा, पण घरी येईपर्यंत त्याला शिमग्याची रीत आठवली. शिमग्यात देवी प्रत्येक घरी जाते, अंगणात बसते, घरची बाई तिची ओटी भरते आणि गावकर त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीकडे राखण मागतो. गाव कुणाला आपलं मानतो याची दुसरी नोंद खारवलीत नाही. येसूबाईने लग्नापासून एक्केचाळीस शिमगे ओटी भरली होती, नवरा कुठल्या समुद्रात आहे हे ठाऊक नसतानाही. तिने फक्त विचारलं, "देवी आपल्याकडे येणार ना वो?" आत्माराम म्हणाला, "येणार म्हणजे काय." आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मॅनेजर शुभंकर पुण्याचा, वागायला अतिशय गोड. त्याने विषय मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिथे मुंबईत बसून लोकांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. निर्णय आला. माणसं दहा, वेळ पंधरा मिनिटं, ढोल नको, गुलाल नको. सेक्टर सातच्या एका बाईंनी सुचवलं होतं की देवीला पुढच्या शनिवारी आणता आलं तर सगळ्यांना येता येईल, मुलांना आपली संस्कृती बघायला मिळेल.

"साहेब, देवीची तिथी असते," आत्माराम म्हणाला.

"कळतं हो काका. पण एकदा विचारून बघा ना," शुभंकर म्हणाला.

कुणाला विचारायचं ते त्याने सांगितलं नाही. शेवटी तिथी मान्य झाली, पण पाहुण्यांची नोंद मोबाइलवर आगाऊ करणं सक्तीचं होतं. आत्मारामने चष्मा लावून नोंद केली. पाहुण्याचं नाव : वाघजाई. येण्याचं कारण : भेट. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय गाडं पुढे सरकेना, तेव्हा त्याने स्वत:चा टाकला.

ठरल्या दिवशी सकाळी पालखी गेटावर आली. दहा माणसं तर ढोलालाच होती. एकूण दीडशेच्या वर असतील. राखणीला रामा होता, राजापूरकडचा. त्याने वहाणा काढल्या, पालखीला हात जोडले, कपाळाला गुलाल लावून घेतला आणि गेटाचा अडसराचा दांडा होता तसाच आडवा ठेवला. "नोकरी हाय वो काका," तो आत्मारामला म्हणाला. शुभंकर फोनवर पुन:पुन्हा दहाचा आकडा सांगत होता.

आत्माराम नवा सदरा घालून दोन सिंहांच्या मधे उभा होता. तो रावजीला म्हणाला, "दहा जण निवडून आत येऊया. बाकीचे वाईच थांबतील."

"दहातले चार खांदेकरी," रावजी म्हणाला. "आत येऊन देवी बसणार कुठं?"

"चौथ्या माळ्यावर. लिफ्ट हाय."

"पालखी लिफ्टात मावते?"

पालखी मावत नव्हती. आत्मारामने आदल्या दिवशी दोरीने मोजून पाहिलं होतं. तो म्हणाला, "मग खाली पार्किंगमधे बसवूया. प्रशस्त हाय."

"पार्किंगात कुणाचं घर हाय?" रावजीने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच गाऱ्हाणं घालायचं होतं आणि कुणाच्या घराच्या नावाने घालायचं ते हवं होतं. "तू सांग, आत्माराम. मुंबईला गेलेल्यांच्या घरांना कुलपं हायत, तरी आपण त्यांच्या अंगणात पालखी टेकवून नारळ फोडतोच. अंगण हाय म्हणून. तुझं अंगण दाखव, दांडा मोडून येतंय."

आत्मारामने मागे वळून पाहिलं. त्याचं अंगण होतं तिथे आता वळणाचा रस्ता होता आणि त्यावर बैल बसला होता.

तेवढ्यात येसूबाई आली. नऊवारी नेसलेली, हातात सूप, सुपात खण, नारळ, तांदूळ. ती गेटापर्यंत आली, वाकून दांड्याखालून गेली आणि बाहेर रस्त्यावर पालखीसमोर उभी राहिली.

"गावकर, ओटी घ्या," ती म्हणाली.

"कुणाच्या घरची, वहिनी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "माहेरवाशिणीची. खालच्या वाडीची लेक हाय मी. लेकीला अंगण विचारीत नाय कोण."

रावजीने मान डोलावली. पालखी डांबरावर टेकली, ओटी भरली गेली, गाऱ्हाणं झालं आणि दीडशे गळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. गाऱ्हाण्यात येसूबाईच्या बापाचं नाव आलं, भावाचं आलं, नागवेकरांचं आलं नाही. आत्मारामला भयंकर लाज वाटली.

ढोल पुन्हा वाजायला लागले आणि पालखी वळली. भिंतीला वळसा घालून वरच्या वाडीत जायचं म्हणजे तीन किलोमीटरची फेरी होती. येसूबाई बायकांत मिसळून निघून गेली. पाच दिवस भावाकडे राहतंय, एवढंच जाता जाता सांगून गेली. आत्माराम थोडा वेळ सिंहांजवळ उभा राहिला. मग तोही दांड्याखालून वाकून बाहेर पडला आणि गर्दीच्या शेवटी, मुंबईहून शिमग्याला आलेल्या पोरांच्याही मागून चालू लागला. तरुणपणी याच पालखीला तो खांदा द्यायचा. आज कुणी दे म्हटलं नाही आणि त्याचाही हात पुढे झाला नाही.

वरच्या वाडीत पहिलं घर रावजीचं. अंगण सारवलेलं, पालखी मधोमध टेकलेली, भोवती सगळी वाडी. रावजीची सून खोबऱ्याच्या प्रसादाचं ताट घेऊन ओसरीवरून खाली उतरली आणि जवळच्या माणसापासून वाटायला लागली. कडेला वईच्या कुंपणापाशी आत्माराम उभा होता. रावजीचं लक्ष तिकडे गेलं.

"अगो, तिकडून सुरू कर," तो सुनेला म्हणाला. मनात काही किल्मिष न ठेवता, रीत म्हणून म्हणाला. "आधी पाव्हण्यांना दे."

सून अदबीने डोईवर पदर घेऊन आली आणि तिने ताट आत्मारामपुढे धरलं. सगळी वाडी, पाव्हणा घेईपर्यंत थांबायचं असतं तशी, थांबून राहिली. आत्मारामने खोबऱ्याचा एक तुकडा उचलला.