चपला बाहेर काढाव्यात

आता आधीच हसू नका हं, हातातला चहा सांडेल. गोष्ट एका पाटीची आहे आणि ती पाटी माझ्याच हातची आहे. त्यामुळं पुढं जो गोंधळ झाला त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शोधायचीही सोय नाही!

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. म्हणजे नवं गाव. जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या भिंती, पायऱ्या वर येतात आणि म्हातारी माणसं चिखलातून आपापलं घर शोधत हिंडतात. त्या गावाची आठवण राहावी म्हणून आम्ही इतिहास मंडळ काढलं. अध्यक्ष तात्या, सेक्रेटरी मी. जन्मभर कंडक्टरकी केलेली, तेव्हा शिस्तीचं खातं आपसूकच माझ्याकडं आलं. ग्रामपंचायतीनं एक खोली दिली, तिला पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवल्या आणि झालं आमचं संग्रहालय!

पहिली वस्तू दिली जनाआक्कांनी. न्हाणीतला दगड. अंघोळ करताना टाचा घासायचा, घासून घासून मधे खोलगट झालेला. पाणी उतरल्यावर आक्कांनी तो स्वतः ओळखला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणवला.

"माज्या घराचं येवढंच ऱ्हायलंय बग," म्हणाल्या. "माजी सासू, मी, माज्या लेकी, समद्यांच्या टाचांनी झिजलाय त्यो. सुट्टीत पुण्यास्नं नाती येणार हायत. त्यास्नी दावायचाय."

मी शब्द दिला. चांगला चौथरा बांधला, त्यावर दगड ठेवला, खाली चिठ्ठी लावली: 'न्हाणीचा दगड. जनाआक्कांच्या घरातून.' आता यात काय चुकलं, सांगा बरं? काही नाही!

चुकलं ते फरशीपायी. आमच्याकडं उसाला पाणी दिलं की काळी माती चपलांना अशी चिकटते, की माणूस चार बोटं उंच होतो. ती माती माझ्या पांढऱ्या फरशीवर! पुसून पुसून कंबर गेली. शेवटी चिडून दारावर पाटी ठोकली: 'चपला बाहेर काढाव्यात.'

झालं. अहो, आपलं माणूस अनवाणी आत शिरलं, समोर चौथरा दिसला, चौथऱ्यावर दगड दिसला, तर ते काय करेल? चिठ्ठी वाचेल? हात आधी जोडले जातात, डोळे नंतर उघडतात!

पहिल्या बाईनं नमस्कार केला, दुसरीनं फूल वाहिलं, तिसरीनं हळदी-कुंकू. चिठ्ठी त्याखाली गडप. मग लासुर्ण्याच्या एकाची अडलेली म्हैस सुखरूप व्याली, त्यानं पेढे वाटले आणि दगडाचं नाव पडलं 'पाण्यातली आई'!

मी तात्यांकडं धावलो. "तात्या, अहो, लोक मोरीच्या दगडाच्या पाया पडायला लागलेत!"

तात्या पेढा खात होते. "आधी कुत्रं फिरकत न्हवतं हितं. आता रांग लागतीया. गप बस की जरा."

गप बसेन तर मी कंडक्टर कसला? पाटी बदलली. 'नारळ फोडू नयेत.' लोक न फोडलेले नारळ तोरण करून बांधायला लागले! मग मी डोकं लढवलं आणि लिहिलं, 'चपला घालूनच आत यावे.' लोक दारातच थबकले. "लई कडक देवस्थान दिसतंय. परीक्षा बगतंय," असं म्हणून उंबऱ्याबाहेरूनच लोटांगण! शेवटी फरशीची दया येऊन पहिली पाटी परत लावली.

आणि त्याच आठवड्यात जनाआक्का नातींना घेऊन आल्या.

खोलीत गर्दी. दगड कुंकवात बुडालेला, अंगावर हिरवं लुगडं. आक्का हात पुढं करून दगडाकडं निघाल्या, तोच एक बाई म्हणाली, "आजी, शिवू नका हां. लांबनंच पाया पडा."

ती बिचारी परगावची, तिच्या मनात काही नव्हतं. पण खोलीतली जुनी माणसं चपापून बाजूला सरली. कारण जुन्या गावात आक्कांचं घर कुठल्या टोकाला होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्का आधी हसल्या. "परत लांबनं व्हय गं?"

मग माझ्याकडं वळल्या. "काय रं सेक्रेटरी? माज्या सासऱ्यानं घरातलं समदं देव सोडलं, बुद्धाला हात जोडलं. आन तू आमच्या मोरीतनं नवा देव काडलास? तवा आमच्या अंगणात कुणी पाय ठिवत न्हवतं. आन आज माज्या टाचा घासायच्या दगडावर ही समदी डोस्की टेकवत्यात!"

मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना. त्यांनी मला एकच वस्तू नीट ठेवायला दिली होती, आणि मी तिच्यावरून त्यांचं घरच पुसून टाकलं होतं.

आक्कांनी लुगडं उचलून बाजूला ठेवलं, तांब्याभर पाणी ओतलं, कुंकू धुतलं. खालचा झिजलेला खळगा वर आला, तसा त्यांनी त्यात तळहात ठेवला. "ही बगा तुमची पणजी," नातींना म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. धाकटी नात त्यांना बिलगली. ती परगावची बाई पुढं आली आणि पदरानं दगड कोरडा करायला लागली.

पाटी आत्ताच्या आत्ता उपटतो म्हणून मी तरातरा बाहेर आलो. बघतो तर काय? माझ्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला गायब! देवळाबाहेरून जातात, तश्शा!

तात्या मागून म्हणाले, "बग! जागृत देवस्थान हाय म्हनून मी सांगत हुतो."

मे महिन्याचं ऊन. तशाच अनवाणी पायांनी मी गावभर चपला शोधल्या. परत आलो तो टाचा काळ्याकुट्ट, पाय भाजलेले. आक्कांनी वरून खालपर्यंत बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या पायांनी फरशीवर येऊ नगंस. दगड खाली घ्या रं त्यो! बस हितं. घास टाचा."

घासल्या! सगळ्या गावादेखत, विजार गुडघ्यापर्यंत वर करून. नातीनं फोटो काढला.

तो फोटो आता संग्रहालयात दगडाशेजारीच लावलाय. तेव्हापासून कुणाची हात जोडायची छाती झालेली नाही. खालची चिठ्ठी आक्कांनी सांगितली तशी मीच माझ्या हातानं लिहिली: 'जनाआक्कांच्या घरातला न्हाणीचा दगड. तो कशाला असतो, हे सेक्रेटरींना उशिरा समजले.'