आईसाठी लिहिलेला विलाप

आमच्या गावात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. सोल्मे गावची, म्हणून सोल्मेदेक. एकोणीस वर्षं शेजारी राहूनही तिचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि तिनेही ते कधी सांगितलं नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवरच्या पाच गावांत कोणाची आई किंवा बाप गेला, की लेकी आधी हिच्या दारात येत आणि मग रडायला माहेरी जात. लेकीने विलाप वाचायचा असतो ना. कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहून आणायचा, शवपेटीपुढे बसून मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाला की जाळून टाकायचा. पुरुषांचे विलाप चिनी अक्षरांत असतात. ते कोणालाच कळत नाहीत, म्हणून सगळे माना डोलावतात. बायकांचे आमच्या साध्या लिपीत. तिथे ऐकणाऱ्यांना रडू आलं नाही तर लेकीची लाज जाते.

सोल्मेदेक स्वभावाने तुसडी, पण हे काम जीव लावून करी. "माया डोंगराएवढी" असं कोणी सुचवलं की ती फटकारायची, "डोंगर लिहिलास की लोक डोंगर बघतात, आई दिसत नाही." एकच ओळ तीनदा येऊ द्यायची, चौथ्यांदा आली की लोक खोकायला लागतात. मेलेल्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प बसायचं. उत्तर येत नाही, हे ऐकणाऱ्याला त्या गप्प बसण्यातच कळतं. हे तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, ती शाळेत गेलीच नव्हती. हिवाळ्यात आमच्या बायका एकमेकींचं लिखाण मागून नेतात आणि उतरवून काढतात. तसं उतरवता उतरवता ती शिकली होती.

दाकशिलदेक तिची शिष्या म्हणा, धाकटी बहीण म्हणा. अक्षर मोत्यासारखं, पण एका वाक्यात चार उपमा कोंबायची. सोल्मेदेक तिच्या तीन खोडायची आणि चौथीलाही नाक मुरडायची. दोघींचं सगळं एकमेकींना ठाऊक असे.

त्या हिवाळ्यात सोल्मेदेकच्या आईने अंथरूण धरलं. जिवंत आईचा विलाप लिहून ठेवण्याएवढं अशुभ आमच्यात दुसरं नाही. तरी तिने लिहिला. पाच गावांच्या आयांसाठी लिहिलं आणि ऐन घाईत आपल्याच आईला शब्द कमी पडले, असं होऊ नये म्हणून. दाखवला तो फक्त दाकशिलदेकला, आणि बजावलं, "कुठे बोलू नकोस. जिवंत आईला पुरलं म्हणतील मला." दाकशिलदेकने वाचता वाचता बाहीने डोळे पुसले आणि दोन दिवस उतरवून घ्यायला मागितला. शिकण्यासाठी मागितलं तर आमच्यात कोणी नाही म्हणत नाही.

त्या विलापातली गोष्ट एवढीच होती. लग्नाच्या दिवशी सोल्मेदेक पालखीत बसली, तेव्हा तिची आई बाहेर आलीच नाही. आत धुतलेले तांदूळ पुन्हा पुन्हा धूत बसली. "आई, त्या दिवशी तू तांदूळ कितीदा धुतलेस?" हा प्रश्न तीनदा येत होता.

महिनाही झाला नसेल, दाकशिलदेकचीच आई अचानक गेली. आम्ही सगळ्या नदी ओलांडून गेलो. दाकशिलदेकने गुंडाळी उलगडली आणि थोड्याच ओळींत तांदूळ आले. शेजारी बसलेल्या सोल्मेदेकने माझं मनगट एवढं जोरात का धरलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी रडत होते. दाकशिलच्या म्हातारीला लेकीच्या लग्नात पालखीवाल्यांशी कडाकडा भांडताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या बायकाही रडल्या. कागद जळून गेला, आणि शिष्या गुरूच्या पुढे गेली असं पाच गावांनी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी ओढ्यावर धुणं धुताना सोल्मेदेकने तिला जाब विचारला. मी तिथेच होते, तेव्हा मला सगळं उमगलं.

"ताई, उतरवून घ्यायला तूच दिलास ना?" दाकशिलदेक कपडे पिळता पिळता म्हणाली. "आणि ते थांबणं, ते तीनदा म्हणणं, तू तरी कुठून आणलंस?"

"ते ने गं. सगळं ने. तांदूळ माझ्या आईचे होते."

"मग सांग की सगळ्यांना. कधी लिहिला होतास, तेही सांग."

विश्वासाने सांगितलेलं गुपित त्या बाईने असं सोल्मेदेकच्याच गळ्याला लावलं. हातातलं कपडे बडवायचं लाकूड दाकशिलदेकच्या पाठीत घालावं, असं मला वाटलं. घातलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

चाळीस दिवसांनी सोल्मेची म्हातारी गेली. मी म्हटलं, ताई, दुसरं काहीतरी लिही.

"दुसरा विलाप लिहीन गं," ती म्हणाली. "दुसरी आई कुठून आणू?"

तिने तोच वाचला, एक शब्द न बदलता. तांदूळ आले तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुसऱ्यांदा प्रश्न विचारून ती थांबली, तेव्हा मागे कोणीतरी हसू दाबलं. मी उठून बोलणार होते, तर तिने वाचता वाचताच माझी बाही ओढून मला खाली बसवलं. तिसऱ्यांदाही ती थांबायचं तेवढंच थांबली. कोणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. तिची भावजय सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, "साऱ्या जगाला लिहून देते, आणि स्वतःच्या आईला उसनं आणलं."

रडली ती एकटी दाकशिलदेक. पुढे बसून, जमीन बडवून, मोठ्याने. बायका म्हणाल्या, मन बघा तिचं, स्वतःचा विलाप हिने चोरला तरी हिच्या आईसाठी रडते आहे.

सोल्मेदेकने कागद पेटवला, राख होईपर्यंत बसली आणि मग आत कालवण वाढायला गेली. भावजयीने पहिला वाडगा भरून तिच्या हातात दिला.

"हा दाकशिलदेकला दे," ती म्हणाली. "तुझ्या आईसाठी रडलं असं तेवढं एकच माणूस आहे."

सोल्मेदेकने तो दोन्ही हातांनी नेला आणि तिच्यापुढे ठेवला.