बाबालाल हवालदाराच्या पोटावरचा फेटा

महाराजांच्या राज्यात मी दरबारच्या पलटणीत शिपाई होतो. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या आधी माझी ड्यूटी कोल्हापूरच्या दवाखान्यात लागली, वॉर्ड ऑर्डर्ली म्हणून, म्हणजे आजाऱ्यांच्या खाटांपाशी राहायचं. शाळा दुसरीपर्यंत. पण डॉक्टरसाहेबांनी शिकवलं ते असं पक्कं केलं की आजही कुणी विचारावं. ऑपरेशन झालेल्या माणसाची छाती बघायची, नाकपुड्या बघायच्या, नखांचा रंग बघायचा. घड्याळ धरून श्वास मोजायचे. शिपाईगडी असेल तर नाव, हुद्दा, कंपनी एका दमात म्हणायला लावायचं. मध्येच दम लागून अडला तर साहेबांना बोलवायचं.

आमच्या पलटणीतला हवालदार बाबालाल तालमीतला पैलवान. त्याचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी भरून आलो, तर त्याचे वस्ताद खाटेजवळ बसलेले. बाबालाल उताणा, गप्प. नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याची खळगी आत ओढली जात होती. श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस.

"हवालदारसाहेब, नाव, हुद्दा, कंपनी."

"बाबालाल..." थांबला. "हवालदार..." परत थांबला.

चादर काढली. पोटावर फेटा करकचून आवळलेला.

"म्या बांधलाय," वस्ताद म्हणाले. "खोकला की टाकं उसवत्यात."

"छाती कोंडलीया, वस्ताद. सोडतो."

"मिसरूड फुटलं न्हाय आन् मला शिकिवतोस व्हय?"

बाबालालनं माझं मनगट धरलं. "हात... लावू नको. माझा... हुकूम हाय."

"माझ्यावर हुकूम डॉक्टरसाहेबांचा हाय. बरं झाल्यावर करा माझी तक्रार."

गाठ सोडली आणि साहेबांना हाक मारली. त्यांनी उशा लावून त्याला बसवलं. माझे तळहात टाक्यांवर दाबून धरायला लावले.

"आता खोक."

पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला. छातीत साठलेला घट्ट कफ पडला. दिवेलागणीपर्यंत श्वास बावीसवर आला. वस्ताद फेट्याची घडी घालून गेले.

तक्रार काही झाली नाही.

पुढे लढाई लागली तेव्हा बाबालाल इंग्रजांच्या पलटणीत गेला. तिकडं इराकात, बसऱ्याला जखमी झाला. तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तिथेच वारला. खबर आली तेव्हा वस्ताद माझ्या दारात येऊन बसले. चहा तसाच राहिला.

"तिकडं त्याच्या खाटंपाशी कोण हुतं का रं?"

"असंल की, वस्ताद."

मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.