उजव्या गालाची तीट

वाटेतलं मारुंजी गाव मागं पडलं तरी सगुणाबाईंचा हात गालावरून खाली येईना. महाळुंग्याच्या दवाखान्यातून निघताना रिक्षा समोरच उभी होती. "चालतच जाऊ. बसलं की मन लई खातं," म्हणाल्या, तशी शेजारघरची सून ज्ञानदा बरोबर निघाली.

त्यांच्या गावात, नेऱ्यात, कुणाची बादली विहिरीत पडली की पदर खोचून उतरायच्या त्या सगुणाबाईच. साठी ओलांडली तरी उतरायच्या. त्याच बाई आज सरळ रस्त्यावर पाऊल जपून टाकत होत्या.

खालच्या दाढा दोन्हीकडच्या गेलेल्या. डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा स्कॅन बघून सांगितलं होतं, "डावीकडचं हाड झिजलंय, नस अगदी वर आलीये. तिला धक्का लागला तर ओठ कायमचा बधिर होईल. म्हणून नवी दाढ बसवायचा स्क्रू हाडात उजवीकडंच घालू." मग तो कुठं, किती खोल जाणार, ते कॉम्प्युटरवर आखून दाखवलं. सगुणाबाईंनी बघितलं, तर पडद्यावर स्क्रू डावीकडं! एवढ्या शिकलेल्या बाईला तुमचं चुकलं असं म्हणायचं कसं? त्या तशाच उठून बाहेर आल्या.

ओढ्याच्या पुलावर मात्र त्यांना राहवेना. "ज्ञाने, माजा ओठ जाणार बग. च्या पिताना लाळ गळंल, न् मला कळायचं बी न्हाई."

सगळं ऐकून ज्ञानदाला हसू आलं, ते तिनं गिळलं. "काकी, देवळात देवाचा उजवा हात आपल्याला कुठल्या अंगाला दिसतो?"

"डाव्या."

"मग? तो फोटोही तुमच्यासमोर तोंड करून उभा होता. आणि बाहेर मला सांगितलंय, त्यावरून दातांवर बसणारा साचा करणारेत. त्याला भोक असतं, स्क्रू त्यातूनच जातो, दुसरीकडं जाऊच शकत नाही."

सगुणाबाई दहा पावलं पुढं गेल्या. मग थांबल्या.

"साचा करणारा बी त्येच चित्र बगणार न्हवं? माज्यासारखंच उलटं बगितलं तर?"

"डॉक्टरीणबाईंना फोन लावू?"

"नगं बाई! रागावल्या म्हंजे? यंत्र त्यांच्याच हातात हाय."

सगुणाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"शुक्रवारी स्क्रू बसवायला जाताना संगट ये. आत न्यायच्या आदी माज्या ह्या उजव्या गालाला काजळाची तीट लाव, चांगली ठसठशीत. म्हातारीला कुनाची दिष्ट लागायचीय म्हणून हसतील, हसू दे. पन कुनाला पुसू दिऊ नगस."